स्वल्प ऊन पाणी

२९ मार्च १९९८, रविवार

ही डायरी औषध कंपनीची आहे. जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या बायकोला, राजलक्ष्मीला दिली, तिनं ती माझ्याकडे सरकवली, आणि तीन महिने मी तिच्यावर चष्मा ठेवण्यापलीकडे काही केलं नाही. आज पहिलं पान लिहितोय, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं.

लेकीला, भार्गवीला, आयलँड एक्सप्रेसमध्ये बसवून आलो. एर्नाकुलमला उतरून ती जहाज धरेल आणि लक्षद्वीपातल्या कवरत्ती बेटावर पोचेल. पाडव्याला म्हणून आठ दिवस आली होती, त्यातले चार दिवस झोपली आणि उरलेले चार माझ्याशी भांडून एक करार करून घेतला. तोच इथं नोंदवून ठेवतो, म्हणजे उद्या माझ्या तोंडी कोणी भलतं घालायला नको.

तिचं काम असं. बेटाजवळच्या उथळ पाण्यात तिनं लोखंडी सळ्यांच्या अठ्ठेचाळीस चौकटी ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकीवर प्रवाळाचे जिवंत तुकडे बांधले आहेत. मोडलेल्या खडकावर प्रवाळाची लागवड करता येते का, हे तिला पाहायचं आहे. तीन वर्षं झाली. तुकडे आता वीतभर झालेत. चौकटींचे नंबर मीच केले आहेत. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून, त्यांवर तापलेल्या सुईनं १ ते ४८ असे मराठी आकडे कोरले. बाकीच्या विद्यार्थ्यांच्या चौकटींत आपल्या मिसळायला नकोत, म्हणून मराठीच हवेत असा तिचा हट्ट होता.

आता भीती अशी, की पाणी फार तापलं तर प्रवाळ आपल्या अंगात राहणारं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ते शेवाळच त्याला भरवत असतं. ते गेलं की प्रवाळ उपाशी मरतं. वेळेवर कळलं तर चौकटी होडीनं बाहेरच्या बाजूला खोल, गार पाण्यात उतरवता येतील. पण उगाच हलवल्या तर तुकडे सुटतात, उजेडावाचून वाढ थांबते. म्हणजे वर्ष वायाच. तेव्हा उतरवायच्या कधी, हे कोणीतरी नक्की सांगायला हवं.

ते कोणीतरी म्हणजे मी. आमच्या केंद्रात उपग्रहाच्या उष्णतेच्या चित्रांवरून समुद्राच्या तापमानाचे नकाशे मी नऊ वर्षं काढतोय. प्रवाळांसाठी दर आठवड्याला नकाशा काढायचा माझा प्रस्ताव दोन वर्षं पडून होता, तो फेब्रुवारीत एकदाचा मंजूर झाला. करार असा: बेटांजवळचं पाणी नेहमीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाच्या वर गेलेलं नकाशात सलग आठवडाभर दिसलं, की मी फोनवर एकच शब्द म्हणायचा. उतरव.

गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, "अण्णा, विसरू नका हं."

जशी काही मी विसरायचीच वाट बघतोय.

३ एप्रिल, शुक्रवार

पहिला नकाशा आज तयार झाला. छान स्वच्छ आला. निळं, हिरवं, पिवळं, आणि मधे थोडं नारिंगी. जिथं माहिती नाही तिथं पांढरं. पांढरं म्हणजे ढग, कारण ढगाच्या पलीकडचं पाणी आपल्या उपग्रहाला दिसत नाही.

माझे नकाशे स्वच्छ असतात, हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. त्याचं कारण जुनं आहे. १९९३ साली एका मोठ्या बैठकीत माझ्या नकाशावर समुद्राच्या मधोमध लालभडक ठिपका निघाला. निघाली ती एका बेटावरची तापलेली कोरडी वाळू, पण अध्यक्ष म्हणाले, "इथं कोणी चहा ठेवलाय का?" आणि चाळीस माणसं हसली. मी घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. नेहमीच्या तापमानाच्या फार वरचं काही आलं, की ती चूक समजून गाळून टाकायचं. तेव्हापासून पुन्हा कोणी हसलं नाही. ऑफिसात त्या चार ओळींना माझ्या नावानं 'पद्मनाभ जरडी' म्हणतात. जरडी म्हणजे कन्नडमध्ये चाळणी.

या कामाला मदत म्हणून सुखदा नावाची मुलगी दिली आहे. पुण्याची, चोवीस वर्षांची, हुशार. माझ्या मराठीवर मनातल्या मनात हसते, हे मला कळतं. काल मी म्हणालो, "स्वल्प थांब, आलोच," तर म्हणाली, "सर, स्वल्प म्हणजे ते स्वल्पविरामातलं का?" मी म्हटलं, तुमच्याकडे ते नुसतं विरामापुरतं उरलं, आमच्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. तीनशे वर्षं या मुलखात राहिल्यावर भाषेनं इथलं पाणी प्यायला नको का?

५ एप्रिल, रविवार

भार्गवीचा फोन. बेटावरचा फोनही उपग्रहावरूनच येतो. आवाज वर छत्तीस हजार किलोमीटर जातो आणि खाली येतो, म्हणून दोघांच्या बोलण्यात अर्ध्या सेकंदाची फट पडते. राजलक्ष्मीला ते अजून जमत नाही. ती मधेच बोलते, मग दोघी एकदम बोलतात, मग दोघी एकदम गप्प होतात. मी हिशेबानं थांबतो.

चौकटी ठीक आहेत. सरासरीपेक्षा पाऊण अंश जास्त. चिंता नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज फोनवर भार्गवी म्हणाली, "अण्णा, पाणी स्वल्प ऊन लागतंय."

किती, विचारलं. तिच्या थर्मामीटरवर बत्तीस. मी समजावलं, की उथळ पाणी, त्यात तू दुपारी बुडी मारतेस, काचेचं थर्मामीटर हातात धरतेस, हाताचीही ऊब लागते. माझ्या नकाशात सरासरीच्या वर एक पूर्णांक एक दशांश आहे, त्याहून जास्त नाही. वरून सगळा समुद्र दिसतो, खालून आपल्यापुरताच. ती "सरी अण्णा" म्हणाली. सरी म्हणजे बरं.

फोन ठेवल्यावर राजलक्ष्मी म्हणाली, "तिचं स्वल्प म्हणजे केवढं, ते तुम्हाला कधी कळलंय का हो?"

यावरून जुनी गोष्ट निघाली. भार्गवी सात वर्षांची असताना मागच्या पेरूच्या झाडावरून पडली. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. ती हात धरून आली आणि म्हणाली, "अण्णा, स्वल्प दुखतंय." मी म्हटलं, आयोडेक्स चोळ, जा. तेवढ्यात राजलक्ष्मी बाहेर आली, हात पाहिला आणि तशीच अनवाणी तिला घेऊन ऑटोत बसली. दोन्ही हाडं मोडली होती. राजलक्ष्मी वर्षातून एकदा तरी ही गोष्ट काढते. मी पेपर वाचत होतो हे सांगायला विसरत नाही.

आज दोघंही पुष्कळ हसलो.

२४ एप्रिल, शुक्रवार

नकाशात बेटांच्या आसपास पांढरे डाग वाढलेत. मागच्या आठवड्यात चार होते, आता एकमेकांना लागले आहेत. यंदा ढग लवकर आलेले दिसतात. ऐन वेळी ढग, हे आमच्या धंद्यातलं जुनंच दुखणं.

सुखदा डोळ्यांना दिसतं तसलं साधं चित्र घेऊन टेबलाशी आली. "सर, ढग असते तर ह्याच्यात पांढरे दिसले असते ना? हे बघा, एकदम क्लिअर आहे. काळं पाणी."

मी सांगितलं, फार उंचावर पातळ ढग असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, उष्णता मोजणाऱ्या यंत्राला मात्र फसवतात.

"पण रोज तिथंच, सर?"

मी म्हटलं, तू पुण्याहून येऊन तीन महिने झालेत, मी हे ढग नऊ वर्षं बघतोय. माझा आवाज जरा चढला. ती "ओके सर" म्हणून गेली. नंतर कँटीनमध्ये तिच्यासाठी मुद्दाम कॉफी मागवली, पण तिनं ती अर्धीच प्यायली.

उरलेल्या जागेचं तापमान सरासरीच्या वर एक पूर्णांक तीन. दीड नाही.

३ मे, रविवार

भार्गवीचा फोन. आज तिला घाई होती. पंधरा तारखेनंतर समुद्र खवळतो, होडी बाहेर जात नाही. उतरवायचं असेल तर याच आठवड्यात. "सांगा ना, अण्णा. उतरवू का?"

नकाशा समोर घेऊनच बसलो होतो. मी म्हटलं, "एक पूर्णांक तीन. दोन आठवडे तिथंच आहे, वर सरकलेलं नाही. आपलं दीड ठरलंय. उगाच हलवून तीन वर्षांचं काम मोडू नकोस."

ती म्हणाली, "इथं सकाळीपण पाणी ऊनच असतं. स्वल्प." मी पुन्हा थर्मामीटरचं सांगितलं. ती म्हणाली, "सरी."

राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून ऐकत होती. "ती घाबरलीय," म्हणाली.

मी म्हटलं, घाबरणं हे मोजमाप नव्हे. आकडा जे सांगतो तेच मी तिला सांगणार. बाप आहे म्हणून वाढवून सांगायचं का?

८ मे, शुक्रवार

या आठवड्याच्या नकाशात लक्षद्वीप जवळजवळ सगळं पांढरं. माहितीच नाही. चिडचिड झाली. ढगांवर चिडून काय उपयोग, पण चिडलो. घरी येताना जयनगरला उतरून भार्गवीसाठी मेतकूट आणि चटणीपुडी घेतली, पुढच्या जहाजानं पाठवायला.

१० मे, रविवार

फोन आला नाही. लाइन बिघडली असेल. राजलक्ष्मी सकाळपासून फोनजवळची खुर्ची सोडत नव्हती. मी म्हटलं, बेट आहे ते, आपलं बनशंकरी नव्हे.

१२ मे, मंगळवार

काल राजस्थानात अणुचाचणी झाली. ऑफिसात मैसूरपाक वाटला. सगळे गटागटानं उभे, हातात बशी, तोंडात देश. मीही दोन तुकडे खाल्ले.

सुखदा तेवढी जागेवर होती. मी बशी नेऊन दिली. ती म्हणाली, "सर, मी उद्या तुम्हाला एक दाखवू? आज नको. आज सगळे खूश आहेत."

१३ मे, बुधवार

ढग नव्हते.

सुखदानं दोन नकाशे शेजारी ठेवले. एक माझा, पांढरा. दुसरा त्याच दिवसाचा, त्याच उपग्रहाचा, फक्त त्यातून माझ्या त्या चार ओळी काढलेल्या. त्यात पांढरं कुठंच नव्हतं. मिनिकॉय बेटापासून वर अमिनी बेटापर्यंत सगळं लाल. सरासरीच्या वर दोन. काही ठिकाणी अडीच. पंधरा एप्रिलपासून.

ती म्हणाली, "सर, जरडी दीडच्या वरचं सगळं फेकतेय. ते ढगांच्याच खात्यात जातं, म्हणून पांढरं." तिचा आवाज इतका हळू होता, की जणू चूक तिचीच होती.

दीडच्या वर गेलं की सांगतो, असं मी मुलीला वचन दिलं. आणि दीडच्या वरचं काही मला दिसूच नये, अशी सोय पाच वर्षांपूर्वी मीच करून ठेवली होती. आकडा तोच. दोन्हीकडे मीच घातलेला. करार करताना मला तो आठवला नाही, कारण त्याच्या वर पाणी जातच नाही असं मी धरून चाललो होतो. जेवढं पाणी तापत गेलं तेवढं मी गाळत गेलो, आणि उरलेल्या पाण्याचा आकडा तिला वाचून दाखवत राहिलो. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक तीन.

चाळीस माणसं एकदा हसली म्हणून.

बेटावरच्या ऑफिसचा फोन चार वाजेपर्यंत लावत होतो. लागला नाही.

१४ मे, गुरुवार

सकाळी साडेदहाला लागला. तिला बोलावून आणायला दहा मिनिटं गेली. ती आली, "अण्णा?" म्हणाली.

मी म्हटलं, "उतरव."

अर्धा सेकंद गेला. मग आणखी कितीतरी गेले, आणि ते उपग्रहामुळे नव्हते.

"आता कशाला, अण्णा?" ती म्हणाली. "सगळी पांढरी पडलीत. रविवारीच. त्या दिवशी फोनच करवला नाही मला."

मी किती, असं विचारलं. या बाबतीत मला आकड्याशिवाय काही विचारता येत नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. आणि बाहेरचा मूळ खडकही, नजर जाईल तिथवर.

मग तीच मला म्हणाली, "ढग गेले वाटतं? दिसायला लागलं का आता?"

मी म्हटलं, "हो. गेले."

हे मी का म्हणालो ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

२६ मे, मंगळवार

भार्गवीचं पत्र आलं. पाच तारखेला टाकलेलं, उशिरा सुटलेल्या जहाजानं आलं. म्हणजे आमच्या त्या फोननंतर दोन दिवसांनी लिहिलेलं. राजलक्ष्मीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधेच थांबली, मग पुढचं मी वाचलं. तो भाग इथं उतरवून ठेवतो.

"आमचे नावाडीकाका रोज मागे लागतात. म्हणतात, पाणी बिघडलंय, मासे दुसरीकडे गेलेत, चौकटी खाली नेऊया, मी होडी फुकट देतो. मला एकदा वाटलंही. पण मी त्यांना सांगितलं, काका, तुम्ही एवढंसं पाणी बघता, मी एवढंसं बघते, आमचे अण्णा वरून सगळं बघतात. त्यांनी नाही म्हटलंय ना, मग काही होत नाही. अण्णा, तुमचा नकाशा आहे म्हणून इथं झोप लागते."

राजलक्ष्मीला मी तेरा तारखेलाच सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आज पत्राची घडी घालताना एवढंच म्हणाली, "तिला कधी सांगणार?"

५ जून, शुक्रवार

केंद्राच्या प्रमुखांनी अहवालाचा कच्चा मसुदा सहीसाठी दिला. त्यात लिहिलंय, 'एप्रिल-मे महिन्यांत दाट ढगांमुळे पुरेशी माहिती मिळू शकली नाही.' म्हणाले, त्या चार ओळी काढून टाका, झालं. चर्चा वाढवू नका. तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय.

मसुदा पिशवीत घालून घरी आणलाय.

९ जून, मंगळवार

सही केली नाही. स्वतःच्या हातानं दोन पानं लिहून दिली: ढग नव्हते, चूक काय, कोणाची, कोणत्या ओळीत, आणि ती सुखदानं शोधली. प्रमुख वाचून म्हणाले, "हे वर गेलं तर हे काम तुमच्याकडे राहणार नाही." मी म्हटलं, राहू नये.

परत आलो तर सुखदा जिन्यात उभी होती. तिला कोणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, "सर, मी एप्रिलमध्येच जास्त भांडायला हवं होतं."

मी म्हटलं, "तू भांडलीस की. मी तुला कॉफी पाजली."

ऑफिसात सांगणं एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. घरात जमत नाही. चौदाला भार्गवी येतेय.

१४ जून, रविवार

आली. काळवंडली आहे, गालफडं बसलीत. मला वाकून नमस्कार केला. दर वेळी नुसती गळ्यात पडते.

पिशवीतून एक जुनं फडकं काढून टेबलावर सोडलं. त्यात माझ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळ्या, दोरीत ओवलेल्या. आकड्यांच्या खाचांत हिरवं शेवाळ भरलेलं. म्हणाली, "समुद्रात प्लास्टिक कशाला ठेवायचं म्हणून काढून आणल्या." राजलक्ष्मीनं त्या शिकेकाईच्या पाण्यात भिजत घातल्या. कशाला, ते तिलाही सांगता आलं नाही.

मी मोजल्या. अठ्ठेचाळीस.

जेवताना राजलक्ष्मीनं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी वरण वाढून घेतलं.

२१ जून, रविवार

आठवडा झाला. भार्गवी सकाळी उशिरापर्यंत झोपते, मग डायनिंग टेबलावर कागद पसरून प्रबंध लिहिते. लागवडीच्या प्रबंधाचं आता मरणाच्या प्रबंधात रूपांतर करायचं आहे, असं हसत म्हणाली. काल संध्याकाळी आम्ही दोघं बनशंकरीच्या देवळाकडून चालत आलो. मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बस आली. दुसऱ्यांदा तिला जुनी मैत्रीण भेटली. तिसऱ्यांदा काहीही आड आलं नाही.

ती म्हणाली, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका हं. ढगांपुढे तुम्ही काय करणार?"

मुलगी माझी समजूत घालतेय आणि मी ती घालून घेतोय. मला माझीच लाज वाटते. हे वाक्य लिहून टाकलं म्हणून ती कमी होत नाही.

२८ जून, रविवार

आज सांगितलं.

ठरवून नव्हे. सकाळी मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो होतो. भार्गवी कागद घेऊन आली, शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसली आणि म्हणाली, "एवढं एक वाक्य बघून द्या. यातली टर्म बरोबर आहे का?" वाक्य इंग्रजीत होतं. त्याचा अर्थ असा: दाट ढगांच्या आच्छादनामुळे उपग्रहावरून वेळेवर इशारा मिळू शकला नाही. पुढे कंसात माझं नाव, माहिती कोणी दिली म्हणून.

माझं खोटं आता तिच्या प्रबंधात छापून निघणार होतं. उद्या दुसऱ्या कुठल्या बेटावरची मुलगी ते वाचणार, आणि नकाशावर पांढरं दिसलं की ढग समजून गप्प बसणार.

मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, "यातला ढग काढून टाक."

"मग काय लिहू?"

मग मी सगळं सांगितलं. लाल ठिपका, चहा, चाळीस माणसं, चार ओळी. दीड आणि दीड. एप्रिलच्या पंधरा तारखेपासून लाल होतं, आणि तीन मेला तू विचारत होतीस तेव्हा माझ्या हातातल्या त्या पांढऱ्या कागदाखाली दोन अंश होते. सुखदानं विचारलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. तू सकाळीपण ऊन असतं म्हणालीस तेव्हा मी थर्मामीटरचं सांगितलं. चौदा तारखेला ढग गेले का म्हणून विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तुझे नावाडीकाका बरोबर होते. तूही बरोबर होतीस. वरून काहीच दिसत नव्हतं, कारण मीच डोळ्यांवर हात धरला होता.

बोलून झाल्यावर मी सवयीनं थांबलो, अर्धा सेकंद, तिचा आवाज यायला. मग लक्षात आलं, की आज मधे उपग्रह नाही. ती हाताच्या अंतरावर बसली होती.

राजलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली होती. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. भार्गवीनं माझ्या हातातून कागद घेतला, पेन्सिलीनं ढगांवर रेघ मारली, नीट, सरळ, पट्टी लावल्यासारखी. त्याच्या वर काहीतरी लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच ठेवली.

मी म्हटलं, "भार्गवी, काही बोल."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पेरूच्या झाडाकडे पाहत म्हणाली, "स्वल्प वाईट वाटतंय, अण्णा."

आणि उठून आत गेली. तिच्यामागे राजलक्ष्मी गेली, अनवाणी. मी पेपर मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिलो. सात वर्षांची असताना, दोन्ही हाडं मोडलेला हात घेऊन ती इथंच माझ्यासमोर उभी राहिली होती, तेव्हाही एवढंच म्हणाली होती.